छापील अपेक्षा

कोथरूडमध्ये खांबेटे बाईंचं वधूवर मंडळ कुठे आहे असं विचारलं, तर कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा पत्ता सांगायचा आणि वर एक सल्ला फुकट द्यायचा, "मुलाबद्दल खरं काय ते सांगा हो. बाईंना खोटं लगेच दिसतं." बाईंना काय काय दिसत नव्हतं, ते त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

मंडळ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची पुढची खोली. दोन लोखंडी कपाटं, एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीवर सूचना: 'पत्रिका स्वतः आणावी. चहा मिळेल. वाद घालू नये.' खांबेटे बाईंनी, म्हणजे श्यामलाबाईंनी, बत्तीस वर्षांत शेकड्यांनी लग्नं जुळवली होती, आणि त्यातली निम्मी तरी सुखाची झाली असावीत, कारण भांडायला परत कुणी आलं नव्हतं. त्यांचा फॉर्म पिवळ्या कागदावर छापलेला असायचा. नाव, वय, उंची, शिक्षण, गोत्र, मंगळ आहे की नाही, हे सगळं पेनानं भरायचं. तळाशी 'अपेक्षा' असा रकाना होता, तो मात्र भरायचा नव्हता. तो छापूनच यायचा: अनुरूप, निर्व्यसनी, पुण्यात स्थायिक. पहिली दहा वर्षं लोकांनी आपापल्या हस्ताक्षरात हेच तीन शब्द लिहिले. शेवटी बाई वैतागल्या आणि छापखान्यात जाऊन म्हणाल्या, एकदाच छापून टाका, लोकांची शाई तरी वाचेल.

तुम्ही म्हणाल, अपेक्षा काय सगळ्यांच्या सारख्या असतात? छे, मुळीच नाही. खऱ्या अपेक्षा चिठ्ठीवर यायच्या. फॉर्म देऊन झाला, चहा पिऊन झाला, की पालक खिशातून किंवा पर्समधून चार घड्यांचा कागद काढायचे आणि टेबलाच्या कोपऱ्यावर सरकवायचे. छापील अपेक्षा चारचौघांत आणि खरी अपेक्षा चिठ्ठीत, हा मंडळाचा शिरस्ता होता. चिठ्ठी बाईंनी वाचायची, फॉर्मला मागून टाचायची आणि तिच्यातलं अवाक्षर कुणापुढे काढायचं नाही.

मात्र गेली दोन वर्षं चिठ्ठ्या बाई वाचत नव्हत्या. त्यांची मुलगी अपूर्वा वाचत होती.

अपूर्वा चौतीस वर्षांची. बी.एस्सी. झाल्यावर 'लग्न ठरेपर्यंत जरा हाताशी' म्हणून आईच्या मंडळात बसली, त्याला अकरा वर्षं झाली. तिचाही पिवळा फॉर्म कपाटात होता. अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तो हौसेनं भरला होता. चार-पाच स्थळं आली, गेली; मग अप्पाच गेले, आणि तिचा फॉर्म नव्या फॉर्मांच्या खाली जात राहिला. त्याचं तिला आता फारसं वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग वाढत होता. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. चालणं-फिरणं व्हायचं, पण वाचणं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा. आई म्हणाली, ही गोष्ट या घराबाहेर जाता कामा नये.

धाकट्या वरदलाही ती सांगितलेली नव्हती. तो बायकोमुलांसह विश्रांतवाडीला राहायचा. "त्याला कळलं की तो मला तिकडे नेईल," श्यामलाबाई म्हणायच्या, "आणि बाल्कनीत खुर्ची टाकून देईल. बस म्हणेल, आराम कर. मला नाही आराम करायचा."

मग रोज सकाळी सातला अपूर्वा त्या दिवशी येणाऱ्यांचे फॉर्म आईला वाचून दाखवायची. आई एकदा ऐकायची आणि सगळं पाठ. नऊला मंडळ उघडलं, की बाई चष्मा लावून टेबलाशी बसत, फॉर्म हातात धरत आणि खाली बघत घडाघडा बोलत. "उंची पाच-तीन लिहिलीय, मग टाचा काढून उभी राहा बरं." समोरच्याची बोबडी वळायची. नवा फॉर्म कुणी हातात दिला, तर अपूर्वा "बघू, शिक्का राहिला का" म्हणून तो घ्यायची आणि शिक्का मारता मारता पुटपुटत वाचायची. एकदा आईनं फॉर्म उलटा धरला होता. अपूर्वानं चहाचा ट्रे ठेवताना तो सरळ केला, आणि त्याबद्दल मायलेकी नंतर एक शब्दही बोलल्या नाहीत.

यात अपूर्वाचे हात दगडाखाली सापडले होते. दोन दिवस मैत्रिणीकडे नाशिकला जायचं म्हटलं तरी जमत नसे. आईला टाकून जावं एवढी ती निर्दय नव्हती, आणि आईपायी जन्म काढावा एवढी संतही नव्हती. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत.

सहा महिन्यांपूर्वी तिनं एक खोटं सांगितलं. "आई, मंडळाचं सगळं काम कॉम्प्युटरवर घेऊ. मी प्रोग्रॅमिंग शिकते." आई दुपारी चार ते साडेपाच झोपायची. तेवढ्या वेळात अपूर्वा कर्वे पुतळ्याजवळच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन यायची. आईला वाटलं, मुलीचं मंडळावर केवढं लक्ष! खरं तर अपूर्वाला त्या खोलीबाहेर एक दार हवं होतं, मग ते कुठेही उघडो.

बॅचमध्ये सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं. शिकवणारे साईनाथ सर स्वतः पंचवीसचे. एके दिवशी त्यांनी बोर्डावर गाडी काढली.

"क्लास म्हणजे ब्लूप्रिंट समजा. कार घ्या. कारला कलर असतो, स्पीड असतो. ब्लूप्रिंट एकच, पण तिच्यावरून रेड कार, ब्लॅक कार, हव्या तेवढ्या बनवा. ती प्रत्येक कार म्हणजे एक ऑब्जेक्ट. आलं लक्षात?"

अपूर्वाकडे गाडी नव्हती. पुस्तकात गाडीनंतर कुत्रा होता, तोही तिच्याकडे नव्हता. तिनं हात वर केला. "सर, म्हणजे कोरा छापील फॉर्म हा क्लास, आणि भरलेला प्रत्येक फॉर्म हा एकेक ऑब्जेक्ट?"

"एक्झॅक्टली मॅडम! कुठला फॉर्म?"

"वधूवराचा."

पोरं खिदळली. साईनाथ मात्र हसले नाहीत. म्हणाले, "बेस्ट. मग तोच करा. सगळे कुत्रा करतात, मला कंटाळा आलाय भुंकण्याचा."

घरी येऊन तिनं जुन्या लॅपटॉपवर पहिला क्लास लिहिला आणि त्याला नाव दिलं 'स्थळ'. त्यात एक कृती लिहायची असते, नवीन ऑब्जेक्ट जन्माला येताना आपोआप चालणारी. नाव घे, वय घे, शिक्षण घे आणि जागच्या जागी नोंदव. प्रत्येक नोंदीच्या आधी 'सेल्फ' लिहायचं. हा सेल्फ काय भानगड आहे, ते तिला दोन दिवस कळेना. साईनाथ म्हणाले, "ज्याचं त्याचं, मॅडम. सेल्फ डॉट नाव म्हणजे ज्याच्या त्याच्या फॉर्मवरचं नाव. सेल्फ विसरलात तर नाव तेवढ्यापुरतं येईल आणि हवेत जाईल, फॉर्मवर राहणार नाही." मग तिनं दुसरी कृती लिहिली, परिचय. जो ऑब्जेक्ट असेल त्यानं आपली माहिती आपण सांगायची.

पहिला ऑब्जेक्ट तिनं निशाचा केला. निशा म्हणजे कालच नोंदवून गेलेली एम.कॉम. मुलगी. तिनं कोऱ्या क्लासला निशाचं नाव, वय, शिक्षण दिलं आणि खाली लिहिलं, निशा डॉट परिचय. बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'मी निशा. वय सत्तावीस. शिक्षण एम.कॉम.' मग तिनं दुसरा केला, वरदच्या मित्राचा, मग तिसरा. एक कोरा फॉर्म तिनं लिहिला होता आणि त्यातून माणसं उठून बोलत होती, प्रत्येक जण आपलंच. अपूर्वाला इतका आनंद झाला की ती स्वयंपाकघरात जाऊन उगाचच पाणी प्यायली. अकरा वर्षं तिनं दुसऱ्यांचे फॉर्म वाचले होते. पहिल्यांदा एक तिनं घडवला होता.

पुढे दोन-तीन महिन्यांत ती बॅचमध्ये सगळ्यांच्या पुढे गेली. आणि एका दुपारी साईनाथांनी तिला थांबवून घेतलं. "मॅडम, वाघोलीला एक छोटी फर्म आहे, कॉलेजांसाठी सॉफ्टवेअर करतात. ट्रेनी हवेत. एजची अट नाही. स्वतःचा प्रोजेक्ट घेऊन यायचा, क्लास-ऑब्जेक्ट वापरून केलेला. मी तुमचं नाव दिलंय. मंगळवारी, अकरा वाजता."

कोथरूडहून वाघोली म्हणजे परगावच. बसनं जायला दोन तास, यायला दोन. नोकरी सकाळी साडेनऊ ते सहा. म्हणजे नऊ वाजता टेबलाशी आईच्या शेजारी कुणी नाही, हे अपूर्वाला तिथल्या तिथे कळलं. तरी ती "येते" म्हणाली. घरी आल्यावर मात्र तिच्या तोंडून ते निघेना. आज सांगू, उद्या सांगू, करता करता शुक्रवार उजाडला, आणि शुक्रवारी आईनंच तिचा बेत उधळून लावला.

"रविवारच्या मेळाव्यात तुझा प्रोग्रॅम दाखवायचा," श्यामलाबाई म्हणाल्या. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये पालकांचा मेळावा असे. "मी सगळ्यांना फोन केलेत. वरद टीव्हीला जोडायची वायर घेऊन येतोय. आता कसं, कपाटं नकोत, कागद नकोत. तू आणि तुझं मशीन. मी असेन-नसेन, मंडळ चालू राहील तुझ्या हाताखाली."

आईचा चेहरा इतका खुलला होता की अपूर्वाला रडू यायचं बाकी राहिलं. बाहेर पडायला तिनं दार तासलं होतं, आणि त्याच फळ्यांनी आई खिडकी बंद करायला निघाली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोण सांगत होतं मंडळाचाच फॉर्म घ्यायला! कुत्रा घेतला असता तर आईनं ढुंकून पाहिलं नसतं.

शनिवारी दुपारी तिनं चिठ्ठ्या प्रोग्रॅममध्ये घातल्या. त्यासाठी एक यादी हवी होती, अपेक्षांची. ती कुठे लिहायची, याचा तिनं क्षणभर विचार केला. नाव-वय पेनानं भरायचं, म्हणून ते ज्याचं त्याचं, सेल्फ लावून. अपेक्षा तर छापीलच असतात. मग त्या वर, कोऱ्या फॉर्मवरच लिहायला हव्यात: अनुरूप, निर्व्यसनी, पुण्यात स्थायिक. अकरा वर्षं पिवळा कागद हाताळलेल्या बाईला यात वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं. मग 'अपेक्षा वाढव' अशी एक कृती लिहिली आणि प्रत्येकाच्या नावाला त्याची त्याची चिठ्ठी जोडली. नमुन्याला म्हणून सात-आठच. शेवटी स्वतःचाही ऑब्जेक्ट केला. त्याला चिठ्ठी नव्हती. परिचय एकदा तपासले, सगळे बरोबर बोलले. अपेक्षा काही तिनं तपासल्या नाहीत, तेवढ्यात आई उठली.

रविवारी हॉलमध्ये तीसएक पालक जमले. बटाटेवडे आले, कॉफी आली. वरदनं टीव्ही जोडून दिला. श्यामलाबाई नवी पैठणी नेसून पहिल्या रांगेत, पडद्याकडे तोंड करून, सगळं दिसत असल्यासारख्या बसल्या. अपूर्वानं क्लास म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगितलं, निशाला परिचय द्यायला लावला. मंडळी खूश झाली. एक काका म्हणाले, "मुलगी बोलली, आता पोहे कधी आणते?"

"आता अपेक्षा दाखव," आई म्हणाली. "कुणा दुसऱ्याच्या नकोत, चिठ्ठ्यांचा प्रश्न येतो. आपल्या घरचंच उदाहरण घे. तुझं काढ. आणि वरद, तू वाच रे, तुझा आवाज मोठा आहे."

अपूर्वानं लिहिलं, अपूर्वा डॉट अपेक्षा. टीव्हीवर यादी उमटली. तिला वाटलं होतं तीन शब्द येतील. यादी खाली खाली सरकतच गेली.

वरद खणखणीत आवाजात सुरू झाला. "अनुरूप. निर्व्यसनी. पुण्यात स्थायिक. घरातला बोका चालायला हवा." हॉल हसला. "ताई, बोका कधी आणलास?" अपूर्वाही कसनुसं हसली. आपलं काय चुकलंय ते तिला अजून कळत नव्हतं. वरद पुढे वाचू लागला, "माहेरची कसलीही जबाबदारी नसावी."

हॉलमध्ये हसणं विरलं. चौतीस वर्षांची मुलगी, विधवा आई, शेजारी भाऊ, आणि वर टीव्हीवर टपोऱ्या अक्षरांत हे वाक्य. पहिल्या रांगेत श्यामलाबाईंच्या हातातला कॉफीचा कप तसाच थांबला. अपूर्वाला बोलता आलं असतं. 'अहो, हे माझं नाही' एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण तिची जीभ उचलेना. ते वाक्य दीपमालाबाईंच्या चिठ्ठीतलं होतं, त्यांच्या लेकासाठी त्यांना अशी सून हवी होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरीही आपल्या नावाखाली ते वाचताना तिला वाटलं, कुणीतरी आपल्या मनातलं चोरून आणून इथे लावलंय. आणि त्या वाटण्याची तिला भयंकर लाज वाटली.

वरदला थांबायचं कळलं नाही. "सासू नोकरी करणारी असावी, म्हणजे दिवसभर घरात नसेल," त्यानं वाचलं, आणि मागच्या रांगेत एक बाई खोकल्या. "मुलगी चष्म्याची नको... अरे? मुलगी? ताई, हे तुझ्या यादीत कसं?"

आता सगळ्यांच्याच ध्यानात आलं. सात घरच्या चिठ्ठ्या एकाच मुलीच्या नावावर पडल्या होत्या. गलका झाला. जे ते आपलं वाक्य ओळखत होतं आणि ते आपलं नव्हेच असा चेहरा करत होतं. दीपमालाबाई भिंतीवरच्या सोसायटीच्या नियमावलीत गढून गेल्या.

"दहा मिनिटं द्या," अपूर्वा म्हणाली. तिनं टीव्हीची वायर काढली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

चूक तिला लगेच सापडली. यादी वर होती, कोऱ्या फॉर्मवर. म्हणजे सगळ्यांची मिळून एकच. निशाच्या अपेक्षेत भर घाला, नाहीतर कुणाच्याही, ती जाऊन पडणार त्याच एका यादीत, आणि कुणालाही विचारा, तो तीच यादी दाखवणार. नावाला तिनं सेल्फ लावला होता, वयाला लावला होता. अपेक्षांनाच लावायचा तिला सुचलं नव्हतं, कारण मंडळात ज्याच्या त्याच्या अपेक्षा असा रकानाच नव्हता. तिनं ती ओळ उचलून खाली, जन्माच्या कृतीत नेली आणि तिच्यापुढे सेल्फ लिहिला. आता प्रत्येक ऑब्जेक्टला त्याची त्याची यादी मिळणार होती. भोवती तीस माणसं कुजबुजत होती, आई ताठ बसली होती, पण ती दहा मिनिटं अपूर्वाला कुणाचीच भीती वाटली नाही. कुठे बिघडलंय ते तिला दिसत होतं आणि ते तिला दुरुस्त करता येत होतं.

वायर परत लावली. अपूर्वा डॉट अपेक्षा. पडद्यावर तीनच शब्द आले. बोका गेला, चष्मा गेला, माहेरची जबाबदारीही गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वरदनं सुस्कारा सोडला. "मशीनचं काय, सांगू तसं करतं," असं म्हणून श्यामलाबाईंनी कॉफी संपवली. अपूर्वा आपल्या नावाखालचे ते तीन छापील शब्द बघत उभी राहिली. आपणच आपल्या हातांनी मंडळातली आपली जागा पुन्हा पक्की करून ठेवली, असं तिला वाटलं.

दिवेलागणीला दोघीच घरात होत्या. आई देवापुढे निरांजन लावून खुर्चीत येऊन बसली.

"अपू, बोका वाचला तेव्हा तू हसलीस. मला ऐकू आलं. मग त्याच्या पुढच्याला गप्प का बसलीस?"

"आई, ती प्रोग्रॅममधली चूक होती. ते माझं नव्हतं, ते—"

"दीपमालाबाईंचं होतं. चैत्रात तूच मला वाचून दाखवलंस, मला काय माहीत नाही? वाक्य त्यांचंच होतं. गप्प बसणं तुझं होतं."

मग अपूर्वानं सगळं सांगून टाकलं. वाघोली, मंगळवार, अकरा वाजता, साडेनऊ ते सहा. सांगताना ती रडली, आणि रडतेय म्हणून स्वतःवरच चिडली.

"म्हणजे मंडळासाठी शिकतेय म्हणालीस, ते खोटं?"

"हो."

"छान. आणि लोक म्हणतात, खांबेटे बाईंना खोटं लगेच दिसतं." मग आई म्हणाली, "तू गेलीस तर फॉर्म कोण वाचणार?"

"सकाळी मी वाचून जाईन. सगळे."

"आणि समोरच्यानं नवा हातात दिला तर? कोरा कागद धरून बसू?"

वरदला सांगू, असं अपूर्वा म्हणणार होती, पण आईच्या चेहऱ्याकडे बघून तिनं ते गिळलं.

"हे बघ," श्यामलाबाई म्हणाल्या, "मी जा म्हणणार नाही. मला ते जमायचं नाही, मी काही देवी नाही. पण थांब असंही म्हणणार नाही. म्हणजे आणखी वीस वर्षांनी 'आईमुळे राहिलं' असं म्हणायला तू मोकळी! ते खापर माझ्या डोक्यावर नको. तुझं तू बघ."

यापेक्षा आईनं आकांडतांडव केलं असतं तर बरं झालं असतं. भांडून निघता येतं, गयावया केली की थांबता येतं. आईनं दोन्ही वाटा मोकळ्या ठेवून तिला मधोमध उभं करून ठेवलं. सोमवारचा सगळा दिवस दोघी मीठ-साखरेपलीकडे बोलल्या नाहीत. अपूर्वानं दोनदा साईनाथांना 'येत नाही' असा मेसेज लिहिला आणि दोनदा पुसला.

मंगळवारी सातला तिनं नेहमीप्रमाणे फॉर्म वाचले. आईनं नेहमीप्रमाणे ऐकले. पावणेनऊची बस होती. साडेआठला अपूर्वानं लॅपटॉप पिशवीत घातला, "येते" म्हणाली. आतून "हं" एवढंच आलं. तिनं दार उघडलं, तर समोर एक पागोटेवाले गृहस्थ, एक हात बेलकडे, दुसऱ्या हातात पिवळा फॉर्म.

"खांबेटे बाईंचं मंडळ ह्येच हाय का? लवकर आलो जरा. म्या दत्तोबा. पुतनीचं नाव घालायचंय, रतनचं." त्यांनी फॉर्म तिच्या हातात ठेवला. "फारम पावन्यांनी आनून दिला व्हता, पोरीनं समदं भरलंय, बघा बरं बराबर हाय का."

अकरा वर्षांची सवय. फॉर्म हातात आला आणि अपूर्वा वळली. एक चप्पल निघालीसुद्धा. पाच मिनिटं, तिनं मनात म्हटलं, फक्त हा एक वाचून देते, बस चुकली तर पुढची. पुढची सव्वानऊला होती, आणि तिनं गेलं तर अकरा टळून जातील, मग जायचं कारणच उरणार नव्हतं, हे तिला नीट ठाऊक होतं. तरी तिचा पाय उंबऱ्याच्या आत पडला.

"कोण आहे?" आईनं टेबलापाशी बसत विचारलं.

"नवीन फॉर्म आहे. थांब, मी शिक्का मारते."

"शिक्का राहू दे. फॉर्म त्यांचा त्यांना परत दे." श्यामलाबाईंनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला. "या, बसा दत्तोबा. वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं की. सातवी झालीया माजी."

"मग तुमचा फॉर्म तुम्हीच वाचा, मोठ्यानं. मला दोन वर्षं झाली, वाचता येत नाही. डोळे गेलेत."

दत्तोबांनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा दारातल्या पोरीकडे. मग ते खुर्चीत बसले, खिशातून आपला चष्मा काढला आणि कागद लांब धरून एकेक अक्षर लावत वाचू लागले, "नाव... रतन... सीताराम..."

श्यामलाबाई मान हलवत ऐकत होत्या. त्या दाराकडे बघत नव्हत्या. दाराच्या जरा बाजूला, कपाटाकडे बघत होत्या. मुलगी दिसायची असेल तर हल्ली त्यांना असंच तिच्या बाजूला बघावं लागायचं. अपूर्वा एका पायात चप्पल घालून उभी होती, आणि आई तिला बघत होती.

"वय पंचवीस," दत्तोबा म्हणाले.

"पुढे वाचा," आई म्हणाली.

अपूर्वानं दुसरी चप्पल घातली आणि दार बाहेरून ओढून घेतलं.